मावशी, मुलांना नेऊ का?

फोनवर मावशींना कोणी मोठं माणूस समजत नाही. गॅसवाला असो की बँकेतली बाई, समोरून पहिला प्रश्न ठरलेला, "बाळा, घरात कोणी मोठं आहे का?" मावशी साठीला टेकल्यात, गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढतच चाललाय, पण आवाजाचं वय सहा-सातच्या पुढे काही गेलं नाही. आधी त्या चिडायच्या. मग त्यांनी एक युक्ती काढली. "थांबा हं, आजीला देते," म्हणायचं, फोन क्षणभर लांब धरायचा, घसा खाकरायचा आणि आवाज जरा खाली ओढून म्हणायचं, "हां, बोला." की समोरचा लगेच अदबीनं बोलायला लागतो.

या आवाजानंच त्यांना आयुष्यभर काम दिलं. डबिंगच्या स्टुडिओत त्या लग्नाआधीपासून जातात. परदेशी सिनेमांतली मुलं, पिल्लं, पऱ्या, एकदा तर एक रुसलेली किटली, सगळ्यांच्या तोंडी त्यांचा आवाज. पण घराघरांत त्या पोचल्या ते खारूताईमुळे. टीव्हीवर रोज संध्याकाळी लागणाऱ्या कार्टूनमधली ही खट्याळ खार गेली कित्येक वर्षं मावशींच्याच गळ्यातून बोलते. मावशींचा चेहरा कोणाला माहीत नाही, पण राहत्या इमारतीतल्या मुलांना सगळं माहीत. त्या भाजीच्या पिशव्या सांभाळत जिना चढत असल्या तरी मुलं कठडा अडवून बसतात. "खारूताई, एकदा हस ना!" मावशी एका पायरीवर दम खातात, आणि मग त्यांच्या नाकातून ते चिरकं, फुटाणे उडाल्यासारखं हसू बाहेर पडतं. आईबापही कमी नाहीत. पोरगं औषध पीत नाही, मावशींना फोन. दात घासत नाही, मावशींना फोन. खारूताईनं सांगितलं की पोरगं मुकाट्यानं ऐकतं. सख्ख्या आईचं ऐकत नाही, पण खारूताईचं ऐकतं.

मावशींच्या घरी त्यांची लेक, जावई आणि टिल्ली नावाची नात. लेक इस्पितळात फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवते. जावई बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावतो. मावशींचे यजमान शिंपी होते. दीर्घ आजारानं घरातच अंथरुणाला खिळले आणि शाळा सुरू झाल्या त्या सुमारास गेले. तेव्हा टिल्ली नुकती शाळेत जायला लागली होती. मावशी कोणासमोर रडल्या नाहीत. सांत्वनाला आलेल्यांना त्यांनीच चहा करून दिला. "किती धीराची बाई," लोक म्हणाले. घरातले आपापल्या कामाला गेले की मावशी बाथरूममध्ये जायच्या, बादलीत नळ मोठा सोडायच्या आणि स्टुलावर बसून रडायच्या. बादली भरून वाहायला लागली की उठायच्या. हे कोणाला माहीत नाही, असं त्यांना वाटत होतं.

पुढच्या सुट्ट्यांच्या तोंडावर स्टुडिओत एक परदेशी ॲनिमेशनपट आला. दोन पाणमांजरं, थोरला भाऊ आणि धाकटं पिल्लू. त्यांची नदी विषारी होते, आईबाप जातात, आणि ही दोघं शहराखालच्या गटारांतून समुद्राच्या वाटेला लागतात. पिल्लाचा आवाज कोणाचा, हे सांगायलाच नको.

डबिंग करताना सिनेमा सलग दिसत नाही. काचेच्या खोलीत एकट्यानं उभं राहायचं, कानांवर हेडफोन, समोर पडदा. आपल्या पात्राचा तुकडा येतो, त्याचे ओठ हलतील तेवढ्यात वाक्य बसवायचं, की लगेच पुढचा तुकडा. मधलं सगळं गाळलेलं. त्यामुळे मावशींना पिल्लाची वाक्यं तोंडपाठ होती, पण सिनेमा माहीत नव्हता. "दादा, मी दमलो." "दादा, हा मासा बघ." "दादा, ऊठ ना." यातलं "ऊठ ना" त्यांना पुन्हापुन्हा म्हणावं लागलं, का ते कळलं नाही, पण काम म्हणजे काम.

शेवटी रडण्याचा तुकडा आला. शब्द एकही नाही, नुसतं रडणं. डबिंगची दिग्दर्शिका मावशींच्या लेकीच्या वयाची, बोलायला तिखट, कामाला चोख. ती काचेपलीकडून म्हणाली, "मावशी, मोठ्यानं नको. ते पिल्लू रडू दाबतंय. कोणी ऐकू नये म्हणून दाबतंय."

मावशींनी मान हलवली, डोळे मिटले, आणि त्यांना बाथरूममधलं स्टूल दिसलं. पुढे काय झालं ते त्यांना नीटसं आठवत नाही. तुकडा संपला, पडदा काळा झाला, तरी हेडफोनमध्ये कोणीतरी हुंदके गिळत होतं. रेकॉर्डिस्टनं आपले हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"दुसरा टेक घ्यायचा?" मावशींनी नाक पुसत विचारलं.

"नको," दिग्दर्शिका म्हणाली. "पाणी प्या तुम्ही."

त्यानंतर आठवड्याभरात वितरकाचा जाहिरातवाला आला. दोन्ही हातांत फोन, बोलणं एकीकडे, नजर तिसरीकडेच. त्यानं पोस्टर उलगडलं. निळ्या पाण्यावर दोन गोंडस पाणमांजरं एकमेकांचे पंजे धरून झोपलेली.

"मावशी, फक्त तीन वाक्यं. खारूताईच्या आवाजात. 'मुलांनो, माझ्या नव्या मित्राला भेटायला या हं! सुट्टीत नाही आलात तर मी रुसेन!' आणि शेवटी ते तुमचं हसू. रेडिओवर, टीव्हीवर, सगळीकडे."

"हा लहान मुलांचा सिनेमा आहे का?"

"कार्टून आहे ना."

"म्हणून तर विचारतेय."

"अहो, सेन्सॉरच्या दाखल्यावर छापलंय. लहान मुलांनी पालकांसोबत पाहावा. म्हणजे पाहावाच, नाही का?" तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला.

मावशींना हसू आलं नाही. आजवर त्यांनी खारूताईच्या आवाजात दात घासायला सांगितलं होतं, रस्ता ओलांडताना हात धरायला सांगितलं होतं. मुलं त्या आवाजामागे डोळे झाकून जातात. "मला आधी सिनेमा सबंध बघू द्या," त्या म्हणाल्या. "मग सांगते."

दिग्दर्शिकेनं त्यांना स्टुडिओच्या छोट्या खोलीत सिनेमा दाखवला. मावशी खुर्चीत एका जागी बसेनात. पदर बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. चित्रं इतकी देखणी की पाण्यावरचा उजेड हातात घ्यावासा वाटावा. त्याच पाण्यात मेलेले मासे तरंगत येत होते. गटाराच्या तोंडाशी कुत्र्यांनी पिल्लांना घेरलं. माणसांचे चेहरे सबंध सिनेमात कुठेच नाहीत, फक्त हात. काठ्या धरलेले, जाळी ओढणारे हात. आणि मग थोरला भाऊ काहीबाही खाऊन मरतो. पिल्लाला ते कळतच नाही. ते मासा पकडायला धडपडतं, कुठून तरी एक ओढून आणतं, भावाच्या तोंडाशी ठेवतं. म्हणतं, ऊठ ना. दुसरा आणतं. माशांवर माश्या बसायला लागतात.

दिवे लागले. "कसा वाटला?" दिग्दर्शिकेनं विचारलं.

"चांगला आहे. फार चांगला आहे," मावशी म्हणाल्या. "तीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर सरळ नाही म्हणून मोकळी झाले असते."

"मुलांना एवढं काही होत नाही हो मावशी. मी टिल्लीएवढी असताना भुताखेतांचं काय काय बघितलंय. काही झालं का मला?"

मावशींनी तिच्या हातांकडे पाहिलं. नखं कुरतडून कुरतडून पार मुळाशी गेली होती.

घरी आल्यावर त्यांनी पुसलेलं कपाट पुन्हा पुसलं. चहा टाकला आणि गॅस पेटवायला विसरल्या. जेवताना विषय निघाला.

"चित्रं आहेत हो आई ती," जावई म्हणाला. "कुत्रा म्हणजे चार रेघा आणि थोडा रंग. पोरं याहून भयंकर मोबाईलवर बघतात."

"चार रेघांनी कोणी रडत नाही," लेक म्हणाली. "आणि आईच रडतेय, बघ तिच्याकडे. आई, बाबा जाऊन किती दिवस झालेत? टिल्लीला मरणाचा सिनेमा दाखवायचा? नाही म्हणजे नाही."

टेबलाखालून आवाज आला, "मला सगळं ऐकू येतंय."

टिल्ली तिथे आपली पेन्सिल शोधायला गेली होती म्हणे. ती बाहेर आली, हाताची घडी घालून उभी राहिली. "वरच्या मजल्यावरचे दोघं जाणार आहेत. कोपऱ्यातली पण जाणारेय. माझ्याच आजीचा सिनेमा, आणि मीच नाही? मग मी त्यांना काय सांगू?"

दोन दिवस रुसवेफुगवे चालले. शेवटी ती मावशींना म्हणाली, "ने. पण तुझ्या जबाबदारीवर."

रविवारी सकाळी स्टुडिओतल्या लोकांच्या घरच्यांसाठी एका लहान थिएटरात खेळ ठेवला होता. नात हट्ट करते म्हणून नेतेय, असं मावशी सगळ्यांना सांगत होत्या. पण खरं कारण दुसरं होतं. जाहिरातवाल्याचे फोन येत होते, उत्तर सुचत नव्हतं, आणि मोठ्यांना विचारून काही हाती लागत नव्हतं. हा सिनेमा बघताना एका मुलाचा चेहरा कसा होतो, ते त्यांना बघायचं होतं. हाताशी मूल एकच होतं.

अंधार झाला. मावशी पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या टिल्लीकडे बघत होत्या. टिल्ली पॉपकॉर्नच्या पुड्यात हात घालून बसली होती. नदीत मेलेले मासे आले तेव्हा म्हणाली, "शी." कुत्रे आले तेव्हा तिनं पाय खुर्चीवर घेतले, पण डोळे झाकले नाहीत. "त्या फटीतून ते जातील. कुत्र्याचं डोकं त्यात मावत नाही," ती हळूच म्हणाली, आणि तसंच झालं. मावशींचा जीव जरासा भांड्यात पडला. थोरला मेला.

"मेला तो," टिल्ली म्हणाली. "पिल्लाला अजून कळलं नाहीये."

तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. मावशींना वाटलं, झालं, जिंकलो. जावई म्हणतो तेच खरं. आपणच उगाच पराचा कावळा करत होतो.

मग ते रडणं आलं. अंधाऱ्या गटारात पिल्लू तोंड भिंतीकडे करून बसलं, आणि पाण्याच्या धारेच्या आवाजात ते दाबलेले हुंदके ऐकू यायला लागले. टिल्लीच्या हातातला पुडा कलंडला. तिनं मावशींचं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"आजी, बंद करायला सांग."

"घाबरलीस? अगं, ते पिल्लू रडतंय, आत्ता थांबेल..."

"ते नाही. तू रडतेयस."

"मी तर इथे आहे. ही बघ."

"तू अशीच रडायचीस. आजोबा गेले ना, तेव्हा. नळ सोडून." टिल्ली आता मोठ्यानं बोलत होती, पुढच्या रांगेतली माणसं वळून बघत होती. "मी दाराबाहेर बसायचे. शाळेतून आले की. मला वाटायचं तू पण मरणार."

मावशी उठल्या. टिल्लीला कडेवर घेण्याचं वय राहिलं नव्हतं, पण त्यांनी तिला उचललं आणि गुडघ्यांची पर्वा न करता पायऱ्या चढून बाहेर आल्या. दाराच्या मागे ते रडणं अजून चालूच होतं.

पुढचे दिवस घराला चैन म्हणून नव्हती. टिल्ली आजीच्या पाठोपाठ फिरायची. मावशी बाथरूममध्ये गेल्या की ही दाराला कान लावून. घरात कुठे नळ वाहताना दिसला की धावत जाऊन बंद करायची. भांडी घासताना मावशी नळ सोडायच्या, टिल्ली बंद करायची, मावशी पुन्हा सोडायच्या. पोहण्याच्या क्लासला जाईना. आणि दिवसभर एकच, "पुढे काय झालं?" अर्धा सिनेमा तिच्या डोक्यात अडकून बसला होता, आणि उरलेला अर्धा ती स्वतः रचत होती. सकाळी म्हणायची, कुत्रे परत आले आणि त्यांनी पिल्लाला खाल्लं. दुपारी म्हणायची, दादा उठला, पण तो दादा नव्हताच, त्याचे डोळे पांढरे होते. सिनेमात यातलं काहीच नव्हतं. तिच्या डोक्यातला सिनेमा पडद्यावरच्यापेक्षा कितीतरी भयंकर निघाला.

लेकीनं दोन दिवस तोंड मिटून काढले. तिसऱ्या दिवशी इस्पितळातून आली ती चप्पलही न काढता स्वयंपाकघरात शिरली.

"तुला तिच्यावर करून बघायचं होतं ना? सिनेमा मुलांना चालतो की नाही ते?"

मावशी हातातला कांदा घेऊन उभ्या राहिल्या. "हो," त्या म्हणाल्या.

"माझी पोरगी म्हणजे काय पातेल्यातलं शीत आहे का?" लेकीचा आवाज चढला. मग अचानक उतरला. "आणि तू रडायचीस? रोज? मला वाटायचं तुला काही वाटतच नाही. मी इस्पितळातून येताना बसमध्ये रडून घ्यायचे, डोळे पुसून मग घरात यायचे. तू एवढी धीराची, तुझ्यासमोर कसं रडायचं म्हणून."

एका घरात राहून दोघी एकमेकींना चुकवत आल्या होत्या, आणि मधल्या मधे एक लहान पोर दाराबाहेर बसून सगळं ऐकत होतं. लेक आत निघून गेली. फोन वाजत होता. जाहिरातवाला. मावशींनी घेतला नाही.

संध्याकाळी टिल्लीला मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "पुढे काय झालं ते मी सांगते." आणि सांगायला सुरुवात केली. टिल्लीनं लगेच आजीच्या तोंडावर हात ठेवला. "पिल्लाच्या आवाजात नको."

"बाई गं, माझा आवाजच तसा आहे."

"मग सांगूच नको. मला बघायचंय."

मावशींनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं खिडकीकडे. ती म्हणाली, "अर्धवट सोडलंय म्हणून हे होतंय बहुतेक. खांदासुद्धा मध्येच सोडला की जास्त आखडतो. पण या वेळी मी येणार."

दिग्दर्शिकेनं कुरकुर केली, प्रदर्शनाची घाई आहे म्हणाली, पण वेळ काढला. या वेळी मोठा पडदा नाही. आवाज जुळवायच्या मिक्सिंगच्या खोलीतला टीव्हीएवढा पडदा, भर दुपार, दिवे चालू, आणि सिनेमा थोरला मरतो तिथून पुढे. टिल्ली आईच्या मांडीवर बसली. रडण्याचा तुकडा येण्याआधी रेकॉर्डिस्टनं तिला एक बटण दाखवलं. "हे खाली ओढलंस की आवाज कमी. तुझ्या हातात ठेव." टिल्लीनं बोट बटणावर ठेवलं. रडणं सुरू झालं. तिनं ते थोडं खाली ओढलं, मग आणखी थोडं, पण पार बंद केलं नाही. लेकीनं मात्र मान फिरवली. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. स्वतःचं रडणं असं भरदिवसा, लेकी-नातीच्या समोर ऐकताना कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं.

रडून झाल्यावर पिल्लू भावाला ओढत ओढत पाण्यापर्यंत नेतं आणि प्रवाहात सोडतं. मग एकटंच पुढे पोहत जातं. वाटेत एकदा स्वतः मासा पकडतं. शेवटी समुद्राचं तोंड दिसतं. मोठ्या लाटा, आणि त्यात ठिपक्याएवढं पिल्लू. तिथेच सिनेमा संपतो.

"संपला?" टिल्लीनं विचारलं.

"संपला."

"त्याला आता मासे कोण देणार?"

"तोच पकडेल की. पकडला ना एकदा?"

"एकदाच," टिल्ली म्हणाली. तिला ते काही पटलं नव्हतं. जिना उतरताना तिनं आणखी एक विचारलं, आणि ते आजीला नाही, आईला. "तू पण रडायचीस?" लेक म्हणाली, "हो. बसमध्ये." टिल्ली म्हणाली, "बसमध्ये सगळे बघतात." "बघू देत," लेक म्हणाली.

त्या दिवसापासून नळ बंद करणं हळूहळू कमी झालं. एकदम नाही. पोहायला ती पुढच्या महिन्यात गेली. सिनेमा कसा होता असं कोणी विचारलं तर म्हणायची, "बरा होता. पण मी परत नाही बघणार."

मावशींनी जाहिरातवाल्याला स्टुडिओत गाठलं. "खारूताईच्या आवाजात मी बोलावणार नाही. खारूताईला ऐकणारी मुलं चार-पाच वर्षांची आहेत. माझ्या स्वतःच्या नावानं बोलते, पाहिजे तर. सिनेमात भाऊ मरतो, कुत्रे आहेत, तुमच्या घरी नुकतं कोणी गेलं असेल तर आधी तुम्ही बघा, आणि मुलांना नेलंत तर मध्येच उठू नका, शेवटपर्यंत बसा. असं सगळं सांगते."

जाहिरातवाल्यानं दोन्ही फोन टेबलावर ठेवले. पहिल्यांदाच त्यानं नीट त्यांच्याकडे पाहिलं. "मावशी, अशी कोणी जाहिरात करतं का? ही तर औषधाच्या बाटलीवरची सूचना झाली."

"मग सूचना म्हणून छापा."

तो हसला आणि गेला. मावशींना वाटलं, विषय मिटला.

चार-पाच दिवसांनी त्या दुकानात साबण घेत होत्या. दुकानदाराच्या रेडिओवर खारूताई बोलायला लागली. "मुलांनो, माझ्या नव्या मित्राला भेटायला या हं!" हातातला साबण ठेवून मावशी रेडिओजवळ गेल्या. आवाज त्यांचाच होता आणि नव्हताही. कोणा नवीन मुलीनं नक्कल केली होती, आणि चांगली केली होती. दुकानदार खुशीत म्हणाला, "वा मावशी, आज सकाळपासून तुम्हीच तुम्ही!"

टिल्लीनं घरी ते ऐकलं तेव्हा एका क्षणात म्हणाली, "ही तू नाहीस. हिचं हसू घशातून येतंय." पण सगळी मुलं टिल्ली नसतात. संध्याकाळी जिन्यात गलका झाला, "खारूताई, आम्ही येतोय तुझ्या मित्राला भेटायला!"

मावशींचं डोकं फिरलं. वितरकाला फोन केला, तिथे कोणी जागेवर नव्हतं. दिग्दर्शिकेला केला. ती म्हणाली, "मावशी, खार काही आपल्या मालकीची नाही. मी बोलून बघते, पण आशा धरू नका." तिनं बोलून पाहिलं. काही झालं नाही. मावशी घरात येरझारा घालत राहिल्या. आपला आवाज आपल्याला सोडून रस्त्यावर भटकतोय आणि दिसेल त्या पोराचा हात धरून त्याला कुठेतरी नेतोय, असं त्यांना वाटत होतं, आणि त्याला हाक मारून परत बोलावता येत नव्हतं.

मग त्यांनी आपल्याला जमेल तेवढं केलं. इमारतीच्या खालच्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या. संध्याकाळी आईबाप कामावरून येण्याच्या वेळी.

पहिला आला वरच्या मजल्यावरच्या दोघांचा बाप. "मावशी, तुम्हीच सांगा. मुलांना नेऊ का?"

"ती रेडिओवरची मी नाही, हे आधी ऐका. आता सांगा, मोठा कसा आहे? घाबरला तर बोलतो की गप्प बसतो?"

"मोठा? तो तर वाघ आहे वाघ."

"घाबरला तर काय करतो, ते विचारलं मी."

बाप डोकं खाजवायला लागला. त्याला माहीत नव्हतं. "घरी विचारून सांगतो," म्हणून गेला. कोपऱ्यातल्या मुलीची आई आली. तिच्याकडे पाळलेलं मांजर आठवड्यापूर्वीच मेलं होतं. मावशी म्हणाल्या, "सध्या नको. पुढच्या वर्षी घरी बघा, शेजारी बसून." एका आईला त्यांनी खुशाल न्या म्हणून सांगितलं. एकजण वैतागून म्हणाला, "अहो, हो की नाही ते एका शब्दात सांगा ना!" मावशी म्हणाल्या, "एका शब्दात सांगता आलं असतं तर इथे डास मारत कशाला बसले असते?"

त्यांचे अंदाज सगळे बरोबर आले असं नाही. ज्या मुलाला खुशाल न्या म्हणाल्या, तो कुत्र्यांच्या प्रसंगाला खदखदून हसला आणि नंतर आठवडाभर दिवा घालवू देईना. त्याची आई अजून मावशींशी जेवढ्यास तेवढं बोलते. वरच्या मजल्यावरच्या वाघाला बापानं नेलं. वाघ शांत बसला, बापच ढसाढसा रडला आणि मुलानं त्याला पाणी आणून दिलं. मांजरवाली मुलगी मावशींचं न ऐकता मामाबरोबर जाऊन आली. तिला सिनेमा इतका आवडला की दुसऱ्यांदा गेली, आणि मांजर जिथे पुरलं होतं तिथे फुलं ठेवून आली. मावशींना ते कळलं तेव्हा त्या दोन्ही हात वर करून म्हणाल्या, "मला काही कळत नाही, बाबा."

सिनेमा दोन आठवडे चालला आणि उतरला. मधल्या काळात दिग्दर्शिकेनं कळवलं की कार्टूनवाल्यांनी त्या नक्कल करणाऱ्या मुलीला आवाज ऐकवायला बोलावलंय. मावशींनी ते ऐकलं, बरं म्हणाल्या, आणि दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही. अजून तरी त्यांनाच बोलावतात. पुढचं माहीत नाही. पण आता कुठलंही पिल्लू, कुठलीही परी आली तरी त्या आधी सबंध सिनेमा बघायला मागतात. काही स्टुडिओ दाखवतात, काही दुसरीकडे जातात.

सिनेमा उतरायच्या आदल्या दिवशी लेक अवेळी घरी आली. दुपारचे तीन-चार झाले असतील. टिल्ली शेजारी खेळायला गेली होती. लेकीनं पर्स खुर्चीवर टाकली, तोंड धुतलं आणि मावशींच्या समोर येऊन बसली. डोळे लाल.

"बरं नाही का?" मावशींनी घाबरून विचारलं.

"रजा टाकली होती अर्धी. सिनेमाला गेले होते. एकटीच. पहिला अर्धा बघायचा राहिला होता ना."

"मग?"

"लहानांचा नाही तो," लेक म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "मोठ्यांचाही नाही. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, ते निम्म्यात उठून गेले."

"आणि तू?"

"मी बसले. तूच सांगितलंयस ना सगळ्यांना, मध्येच उठू नका म्हणून." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "आई, शेवटच्या दिवशी बाबा तुला काहीतरी म्हणाले होते. मी दारात होते, मला नीट ऐकू आलं नाही. मी कधी विचारलंच नाही तुला. काय म्हणाले होते?"

मावशींनी चष्मा काढला. पदरानं काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या. एवढ्या दिवसांत कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

"चहा मागत होते," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणालेत. तर म्हणाले, मग तू पी, मी बघतो."

"मग प्यायलीस?"

"नाही. मला वाटलं, उद्या पिऊ."

लेकीनं खुर्ची पुढे ओढली. मावशी बोलत राहिल्या.